माझी हरवलेली रेघ

मी रिझाइन बोलतेय. दचकलात ना? सगळेच दचकतात. ज्या कागदावर मी असते, त्या कागदाकडे माणसं पाल पडल्यासारखी बघतात. व्याकरणवाले शब्दाला पुरुष समजतात. समजोत. मी बाई आहे आणि आज मनातलं बोलणार आहे.

जन्माने मी इंग्रजी. माझी आजी त्याहून फार जुन्या भाषेतली. लाखेची मोहोर फोडायची, लावलेली खूण मोडायची, हे तिचं काम. माझ्या वाट्याला सोडण्याचं आलं. कुणी खुर्ची सोडली की मी. नोकरी सोडली की मी. कमिटीतून रुसून बाहेर पडलं तरी मीच. तुमच्याकडचा राजीनामा माझा चुलतभाऊ. त्याच्या नावातच 'राजी' आहे, पण त्याला हात लावणारा खरंच राजी असतो का, ते त्यालाच विचारा.

माझा दुसरा एक अर्थ आहे, तो मला स्वतःलाच आवडत नाही. समोर येईल ते निमूट गिळायचं, मान खाली घालायची आणि "आता काय करणार" म्हणायचं. त्यालाही माझंच नाव.

आणि मला एक जुळी बहीण आहे, री-साइन. म्हणजे पुन्हा सही करणं. दोघींची इंग्रजी अक्षरं तीच सहा, ओळीने तशीच. फक्त ती मधे एक आडवी रेघ घालते. ती रेघ पुसली की तिची मी होते. सोडणं आणि पुन्हा धरणं, यांच्यात एवढुशी रेघ. आणि माणसं लिहिताना घाईत असतात!

एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात धुलाईखोली आहे. तिथे इस्त्रीवाली सतरा वर्षं उभी. तिच्या शेजारच्या टेबलावर घडीवाली, चादरींच्या चौकोनी घड्या घालणारी. एका गुरुवारी दोघींच्या ॲप्रनच्या हुकांना ऑफिसच्या चिठ्ठ्या टाचलेल्या. हाताने लिहिलेल्या, इंग्रजीत. त्यात एवढंच : कृपया, उद्याच्या आत, आणि पुढे मी.

इस्त्रीवालीची शाळा चौथीपर्यंत. तिने मला पिशवीत घालून घरी नेलं आणि आठवीतल्या लेकीपुढे ठेवलं. लेकीने डिक्शनरी उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"बोल की."

"आई, राजीनामा देणे असं लिहिलंय. पद सोडणे."

"अजून काय लिहिलंय? खाली बघ."

"निमूट स्वीकारणे."

"ते पान फाड."

"आई, शाळेची डिक्शनरी आहे!"

"मग राहू दे. पण तो अर्थ आपल्या घरात वापरायचा नाही."

शुक्रवारी सकाळी ती ऑफिसपाशी पोचली, तर घडीवाली आधीच दाराबाहेर उभी. तिने दिराकडून राजीनामा लिहून घेतला होता. खाली सहीसुद्धा केलेली. कागदाची घडी मात्र सुरेख, हात कामाचा ना!

"अगं, का म्हणून, एवढं तरी विचारलंस?"

"काय विचारायचं, ताई? घडीचं मशीन आणणार असतील. आपल्याला काय कळतं त्यांच्या इंग्रजीतलं."

"मशीन आलं तर मशीनशी भांडीन. आधी माणसाशी भांडू दे. चल आत."

मी तिच्या मुठीत होते. खुर्च्यांना चिकटलेल्या मुठी मी पुष्कळ बघितल्या, पण इतकी घट्ट मूठ नाही बघितली. माझी शाई तिच्या घामात उतरली.

क्लार्कने हसून वर पाहिलं. "या मावशी. आलात दोघी? बरं झालं."

"काय बरं झालं? सतरा वर्षं तुमच्या कॉलरी ताठ केल्या, आता आमच्याच माना वाकवायला निघालात? काय चुकलं ते तोंडावर सांगा. चिठ्ठ्या कसल्या टाचता?"

"अहो, चुकलं कुठं काय? फक्त सह्या हव्यात."

"काम सोडायच्या कागदावर?"

"सोडायच्या कशाला? पुढल्या वर्षाच्या कागदावर! तुमच्या आधीच्या सह्या जरा... गेल्या."

"गेल्या? कुठं गेल्या? त्यांना काय पाय आहेत?"

क्लार्कचे कान लाल झाले. "शर्टाच्या खिशात राहिले ते कागद. शर्ट धुवायला खाली आला."

इस्त्रीवालीला आठवलं. सोमवारी एका पांढऱ्या शर्टाच्या खिशात निळसर लगदा चिकटला होता. तिने तो नखाने खरवडून काढला होता.

"म्हणजे तो लगदा आमच्या नोकऱ्यांचा होता?"

तिने मूठ उघडून मला टेबलावर ठेवलं. क्लार्कने मला वाचलं, पुन्हा वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अरे देवा. मधली रेघ राहिली!"

"अस्सं. खिसा तुमचा, रेघ तुमची, आणि नोकरी सोडायची आम्ही? घाला ती. माझ्यासमोर घाला."

त्याने पेन उचलून रेघ ओढली. त्या घटकेला मी माझी बहीण झाले. सांगू का, इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

दोघींनी नव्या कागदांवर सह्या केल्या. इस्त्रीवालीने तर कागद फाटेल इतकं दाबून नाव लिहिलं. जिना उतरताना घडीवाली एकदम थांबली. राजीनामा तिच्या हातातच होता.

"ताई, आता याचं काय करू?"

"दे इकडं. कागद धुवायची आपल्याकडे सोय आहे."

मग त्या दोघी अशा हसल्या की धुलाईखोलीतून माणसं बघायला आली.

हल्ली माझा मुक्काम इस्त्रीच्या टेबलामागच्या भिंतीवर असतो. इस्त्रीवालीनेच मला खळ लावून चिकटवलंय. वाफेने कडा सुटल्यात, रेघ शाबूत आहे. क्लार्क शर्ट द्यायला येतो तेव्हा ती मान वर न करता ओरडते, "खिसे!" तो मुकाट्याने ते उलटे करून दाखवतो. चिठ्ठी आणली असेल तर पुढचा सवाल, "रेघ?"

मला कधी लिहूच नका, असं नाही म्हणत मी. वेळ आली तर लिहा, स्वतःच्या मर्जीने, ताठ मानेने. तशी मी देखणीही दिसते. पण दुसऱ्या कुणी धाडली म्हणून मला घरात घेऊ नका, बायांनो. आधी त्याच्या टेबलापर्यंत जा आणि विचारा, रेघ कुठंय? घडीवालीसुद्धा आता विचारते. परवा तर तिने इस्त्रीवालीच्या आधी विचारलं.