आम्ही बघू

थोरलीने लांब दांडी कापडाच्या नळीत सरकवली आणि दिराला म्हणाली, "आता तिकडून ओढायची नाही, इकडून ढकलायची. ओढलीस की सांधा निसटतो."

"थांब, थांब. परत दाखव," दीर म्हणाला. त्याच्या एका हातात फोन होता, व्हिडिओ चालू होता. दुसरा हात खिशात.

थोरलीने परत दाखवलं. तिला राग आला नाही, उलट बरंच वाटलं. दरवर्षी सगळं घर डोंगरातल्या या तळ्यावर यायचं, पण दीर, जाऊ आणि सासरे वरच्या लाकडी खोल्यांत गाद्यांवर झोपायचे. खाली काठावर, तंबूत, फक्त थोरला आणि थोरली. जेवणाच्या वेळेला वरची मंडळी आयती उतरायची, "वा, काय वास सुटलाय!" म्हणत ताटावर बसायची. परतायच्या दिवशी हीच मंडळी सगळ्यांत आधी गाडीत बसून पसार. या दिराने आजवर खुंटीला हात लावला नव्हता. आज निदान विचारत तरी होता.

"आणि आवरताना एक गोष्ट मात्र कायम लक्षात ठेव..." ती म्हणाली.

"आवरायचं उद्या बघू गं, वहिनी." त्याने फोन खिशात टाकला.

थोरला हिवाळ्यात गेला. जेवता जेवता, भरल्या ताटावरून. दिवसकार्य उरकलं आणि सासरचे फोन हळूहळू कमी झाले, मग थांबलेच. थोरलीला मूल नाही, माहेरी कुणी उरलेलं नाही. आणि मागच्या आठवड्यात अचानक धाकट्या जावेचा फोन. "ताई, आपण सगळे जाऊया ना तळ्यावर! तंबू तेवढा घेऊन या." फोन ठेवून थोरली स्वयंपाकघरात एकटीच हसली होती. तंबू तर तिने ऐकलाही नव्हता. तिने ऐकलं होतं ते 'आपण'. दिवसभर तो शब्द तिने जिभेवर गोळीसारखा घोळवला.

तंबू उभा राहिला. निळं कापड वाऱ्याने फुगलं. मागच्या कोपऱ्यावर चौकटीच्या कापडाचं ठिगळ होतं. थोरल्याच्या जुन्या शर्टाचं, तिनेच शिवलेलं. तिने आपली पिशवी उचलली आणि आत ठेवायला वाकली.

"अहो ताई, तुम्ही कुठे इथे?" धाकटी म्हणाली. "तुम्ही वर खोलीत झोपा ना, बाबांजवळ. त्यांना पाणीबिणी लागलं तर कुणीतरी नको का? तंबूत आम्ही झोपतो. आम्हाला जरा सवय करायची आहे."

"सवय कसली?"

"आमच्या ऑफिसातल्या सगळ्यांना तंबूचं वेड लागलंय. पुढच्या वेळी त्यांना आणायचं म्हणतोय."

थोरलीने पिशवी पुन्हा खांद्याला लावली. मग ती वरची वाट चढली. तिने स्वतःची समजूत घातली. म्हातारा माणूस आहे, खरंच कुणीतरी हवं. मनाला असं काहीबाही पटवण्यात बाई पटाईत होती. गेले काही महिने दुसरा उद्योग तरी काय होता तिला?

संध्याकाळी ती खाली उतरली. तळ्याकाठच्या लाकडी बाकावर तिने शेगडी पेटवली, ती कशी पेटवायची याचाही व्हिडिओ झाला. तिने भात केला, रस्सा केला, सगळ्यांना वाढलं आणि शेवटी स्वतःचं ताट घेऊन कडेला बसली. समोर पाणी काळंभोर आणि गार पडलं होतं. तिला एकदम फार बरं वाटलं, आणि त्या भरात ती बोलून गेली.

"पुढच्या वर्षी आपण जरा लवकर येऊया. तेव्हा पाणी अगदी या झाडांपर्यंत असतं."

दिराने भातावर आणखी रस्सा ओतून घेतला. धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं, मग गोड हसली.

"आम्ही बघू ना, ताई."

थोरलीचा घास हातातच राहिला. 'आपण बघू' नाही. 'बघू' एवढंही नाही. 'आम्ही बघू'. तिघं शब्दाच्या आत बसली आणि ती ताट घेऊन बाहेर. तोंडात मारली असती तरी चाललं असतं, निदान गाल चोळता आला असता.

सासऱ्यांनी घसा खाकरला. "आणि तो तंबू आता धाकट्याकडेच राहू दे. थोरल्याची वस्तू आहे, घरात राहिली पाहिजे."

"घरातच होता की, बाबा. माझ्याकडेच होता."

"तुझं घर वेगळं," सासरे म्हणाले. त्यांच्या आवाजात रागबिग काही नव्हता. मीठ मागावं तसं ते म्हणाले. "मी आपल्या घराबद्दल बोलतोय."

"नाहीतरी ताई एकट्या काय करणार एवढ्या मोठ्या तंबूचं?" धाकटी म्हणाली. "थोडा भात आहे का हो अजून?"

थोरलीने तिला भात वाढला. मग सगळी भांडी गोळा करून नळावर नेली आणि घासत बसली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आला तो संताप. इतका, की पातेल्याचा तळ घासून लख्ख झाला तरी हात थांबेना.

सकाळी तळ्यावर धुकं होतं. पहाटे पावसाची एक सर पडून गेली होती. तंबूचं कापड खाली लोंबलं होतं, कडांवरून पाणी टपकत होतं. धाकटी सामान बांधून मोकळी झाली होती आणि गाडीच्या दाराशी चुळबुळ करत होती. उशीर झाला की रस्ता तुंबतो म्हणे.

दिराने खुंट्या उपटल्या. कापड चाचपून बघितलं.

"वहिनी, हा ओला आहे गं. असाच गुंडाळू का?"

दोन झाडांच्या मधे थोरल्याने बांधलेली दोरी अजून होती. निघायच्या दिवशी तो तंबू त्या दोरीवर पसरायचा, आतली बाजू बाहेर काढायचा, कोपरे चिमटीत धरून बघायचा. ऊन येईपर्यंत कितीही वेळ जावो, हलायचा नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी दोघांनी घाईघाईत तंबू ओलाच गुंडाळला होता. पुढच्या खेपेला पिशवी उघडली तर वासाने दोघं मागे सरली. कापडभर काळी बुरशी, बोट लावावं तिथे भोक. तो टाकून दिला, आणि हा निळा आणला.

थोरलीने कोपऱ्यावरच्या ठिगळाकडे पाहिलं. चौकटीचं कापड भिजून गडद झालं होतं.

"गुंडाळ," ती म्हणाली. "काही होत नाही."

आणि ती स्वतः गुडघ्यांवर बसली. त्याला नीट जमेना, म्हणून तिनेच घडी घातली, ठिगळ आतल्या बाजूला येईल अशी. गुडघ्याने दाबून दाबून हवा काढली. पाणी तेवढं ठेवलं. पिशवीत कोंबून तोंडाशी दोरी आवळली आणि वर आणखी एक गाठ मारली.

"वा!" दिराने हात झटकले. "बघ, आपण किती झटपट आवरलं! दादा उगाच दुपार करायचा."

आला. दोन दिवस कान टवकारून ज्याची वाट बघितली तो शब्द आला. गाठ अजून थोरलीच्या बोटांत होती. सोडायला कितीसा वेळ लागला असता?

"ताई, चला ना!" धाकटीने गाडीतून हाक मारली. "आम्ही खोळंबलोय."

थोरली उठली. पिशवी तिने दिराच्या हातात दिली.

"घरी गेल्यावर माळ्यावर टाकून दे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षापर्यंत उघडायची काही गरज नाही."

"बरं झालं सांगितलंस," दीर म्हणाला.

तिने ओले हात कपड्यांना पुसले आणि मागच्या सीटवर सासऱ्यांच्या शेजारी जाऊन बसली.