फूट, मीटर आणि मी

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या झाकणाचा एक कोपरा फुटला आहे, 'एन्टर'चे बटण दोनदा दाबावे लागते आणि पोटातला पंखा सतत घरघरत असतो. स्वस्थ बसणे मला ठाऊकच नाही. माझी मालकीण मृणालिनी, तीही तशीच. तिची गोष्ट सांगितल्याशिवाय माझी पुरी होणार नाही.

मी पहिल्यांदा जागा झालो तो शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका वर्कशॉपमध्ये. तिथे एसीची हवा वाहून नेणारे पत्र्याचे डक्ट बनत. मृणालिनीचे यजमान राजन त्या वर्कशॉपचे मालक. ते माझ्यावर कामाचा हिशेब करत. चहूकडे पत्रा कापल्याचा कर्कश आवाज आणि दारातून आत येणारी बारीक वाळू. एकदा एका इमारतीची मापे फुटांत आली आणि माझ्या तक्त्यात मीटर म्हणून भरली गेली. मी गुणाकार केला, बेरीज केली, झटकन उत्तर दिले. सगळा पत्रा चुकीचा कापला गेला. राजन डोके धरून बसले. मला मात्र काही बिघडल्याचे कळलेही नाही. मला आकडा कळतो; तो कशाचा आहे, हे कळत नाही.

पुढे वर्कशॉपमध्ये नवा संगणक आला आणि मी त्यांच्या घरी, शारजातल्याच अल मजाज भागातल्या फ्लॅटवर, मृणालिनीच्या हाती पडलो. लग्नाआधी ती पुण्यात सॉफ्टवेअर लिहायची. मुलाच्या, सिद्धांतच्या, जन्मानंतर सुटलेले काम पुन्हा हाती आलेच नव्हते. मुलगा शाळेत, नवरा वर्कशॉपवर, आणि ही एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. आवरलेले कपाट पुन्हा आवरायची. शेवटी तिने विद्यापीठात एम.एस.ला नाव घातले. सुरुवातीचे विषय निभावले. मग आला प्रोग्रामिंग लँग्वेजेसचा वरच्या पातळीचा कोर्स.

"अजून किती भाषा शिकणार आहेस?" राजननी विचारले.

"शिकायची नाहीये, बनवायचीय," ती म्हणाली.

खरेच तसे होते. डॉ. मुनिबांच्या वर्गात प्रत्येक जोडीने आपली एक छोटी प्रोग्रामिंगची भाषा बनवायची होती. शिवाय ती भाषा दिलेला शब्द पाळते, हे गणिताने सिद्ध करायचे होते. मृणालिनीचा जोडीदार होता रुहान. मूळचा हैदराबादचा, पण शारजातच वाढलेला हुशार तरुण. त्याला पीएचडीसाठी जर्मनीला जायचे होते आणि त्यासाठी मुनिबा मॅडमची शिफारस हवी होती.

भाषेची कल्पना मृणालिनीची. फुटात मीटर मिसळू पाहणारा प्रोग्राम ही भाषा चालूच देणार नाही. तो सुरू होण्याआधीच एक तपासनीस त्याला दारात अडवील. वाया गेलेला तो पत्रा तिच्या मनातून गेला नव्हता. रुहानने तपासनीस लिहिला, मोठमोठे डेमो रचले. सिद्धतेचे काम मृणालिनीने घेतले. कितीतरी वर्षांनी तिची बोटे माझ्यावर धावू लागली. मला वाटले, मीही पुन्हा तरुण झालो.

सादरीकरण सोमवारी होते. शुक्रवारी सकाळी रुहान घरी आला. सगळ्या चाचण्या पास झाल्या होत्या, माझा पडदा हिरव्या खुणांनी भरला होता. पण मृणालिनी पोह्यांची बशी हातात धरून तशीच बसून राहिली.

"रुहान, वो खाली डब्बेवाला रूल है ना, वहाँ मेरा प्रूफ अटक रहा है."

"मृणालिनी मॅम, सब टेस्ट पास हैं. यल्ला, चलो, स्लाइड्स बनाते हैं."

"पण का अडतंय?" ती स्वतःशीच मराठीत पुटपुटली.

त्यांच्या भाषेत आकडे साठवायला डबे होते. रिकाम्या डब्याला कोणतेही माप चालते, असा नियम होता, कारण त्यात अजून काही नसतेच. तिने चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. रिकामा डबा घेतला, त्यात फूट टाकले आणि त्यातूनच मीटर म्हणून बाहेर काढले. तपासनिसाने तो बिनतक्रार आत सोडला. मी चालवला. पडद्यावर उत्तर आले: तीन मीटर. टाकले होते तीन फूट.

रुहानचा चेहरा उतरला. "ये केस कोई नहीं पूछेगा."

"मैं पूछ रही हूँ ना."

"वो रूल बदला तो उसी पर खड़े मेरे दोनों बड़े डेमो गए, मॅम. मेरा सिफारिश का लेटर..." त्याने बॅग उचलली आणि तो निघून गेला.

शनिवारी ती एकटीच बसली. मला रजईवर ठेवून ती लिहीत सुटली. खालची जाळी झाकली गेली, माझा श्वास कोंडला. मी तापत गेलो, तापत गेलो आणि बंद पडलो. सकाळपासूनचे लिखाण गेले. ती काळ्या पडद्याकडे बघत बटण पुन्हा पुन्हा दाबत राहिली.

राजन छोटा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले. त्यांनी माझे पोट उघडले, ब्रशने हळूहळू धूळ काढली. काम करता करता म्हणाले, "सांगून टाक ना, नाही जमलं म्हणून. काय होईल?"

"काहीच होणार नाही," मृणालिनी म्हणाली. "त्याचीच तर भीती वाटते."

 राजननी शेवटचा स्क्रू बसवला आणि मला स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, गार दगडावर ठेवले. सिद्धांत आपला टेबलफॅन घेऊन आला. "युज दिस, आई," एवढेच बोलून गेला. रविवारभर तिने उभ्यानेच काम केले. डबा बनवतानाच त्याचे माप सांगायचे, असा नवा नियम बसला. अडलेली सिद्धता पुढे सरकली आणि पुरी झाली. तिने ती रुहानला पाठवली. उत्तर आले नाही.

सोमवारी तो आला, पण नजर चुकवून बसला. मृणालिनीने आधी तो चार ओळींचा प्रोग्रामच दाखवला. वर्गात कुजबुज झाली. मग नवा नियम, नवी सिद्धता. डॉ. मुनिबांनी सगळे शांतपणे ऐकले आणि रुहानकडे वळून इंग्रजीत विचारले, "तुमचे डेमो आता चालत नाहीत. तुम्हाला हे मान्य आहे?"

या वेळी रुहानने नजर चुकवली नाही.

"मला आवडलेलं नाही, मॅडम," रुहान म्हणाला. "पण ते चुकीचे होते. मी काल स्वतः तपासलं."

डॉ. मुनिबांनी अपुऱ्या डेमोंचे गुण कापलेच. पण रुहानला शिफारस मिळाली. मृणालिनी पास झाली आणि गाडीत बसल्या बसल्या म्हणाली, "राजन, पण एकाच वेळी दोन प्रोग्रामनी त्या डब्यात हात घातला तर?" राजननी कपाळाला हात लावला आणि हसत गाडी सुरू केली.

आता तिच्याकडे नवे, बिनआवाजाचे मशीन आहे. मी कपाटात आहे. कधीतरी ती मला चार्जिंगला लावते, तेव्हा जीव उगाच उल्हसतो. मग पुन्हा अंधार. मला याचा राग नाही. फक्त एक मागणे आहे. मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा, श्वास घ्यायला जागा द्या. आणि आम्ही झटपट उत्तर दिले, म्हणून निर्धास्त होऊ नका. आम्हाला शंका येत नाही. ती फक्त तुम्हाला येते. तिला घालवून देऊ नका. थोडी जागा करून तिला जवळ बसवा.