कारकुनाची चूक

आमच्या घरात चूक नेहमी कारकुनाची असते. विजेचं बिल दुप्पट आलं, कारकुनाची चूक. विमानाच्या तिकिटावर वय चुकलं, कारकुनाची चूक, मग ते तिकीट ह्यांनी स्वतःच्या मोबाईलवर का काढलेलं असेना. हे म्हणजे माझे यजमान, लेफ्टनंट कर्नल गुणवंत शिराळकर. फौजेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी नोएडाच्या आमच्या सोसायटीत सगळे त्यांना कर्नलसाहेबच म्हणतात. मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात क्लार्क म्हणून लागले आणि सेक्शन ऑफिसर म्हणून बाहेर पडले. म्हणजे ह्यांच्या हिशेबी मी जन्माची कारकून. तरी माझ्यासमोर हे वाक्य बोलताना त्यांची जीभ कधी अडखळली नाही.

गेल्या मार्चमध्ये ह्यांना एक ई-मेल आली. निवृत्त अधिकाऱ्यांच्या जुन्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवल्या आहेत, तरी तपासून घ्याव्यात, चूक असल्यास अर्ज करावा. आमची मुलगी केतकी गुडगावला असते. रविवारी येताना तिनं चार पानं छापून आणली. जेवणं झाल्यावर हे चष्मा लावून बसले आणि मोठ्यानं वाचायला लागले.

"ब्लड ग्रुप बरोबर. कमिशनची तारीख बरोबर. पत्नी, अहिल्या, बरोबर. नेक्स्ट ऑफ किन..." आणि हे थांबले. पान उलटलं.

तेहतीस वर्षं मी फायली वाचल्या. माणूस कुठल्या ओळीवर थांबतो आणि कुठलं पान घाईनं उलटतो, हे मला कळतं. मी ती पानं त्यांच्या हातातून घेतली.

नेक्स्ट ऑफ किन म्हणजे अधिकाऱ्याचं काही बरंवाईट झालं तर फौज पहिल्यांदा ज्याला कळवते तो माणूस. त्या रकान्यात राजाभाऊंचं नाव होतं. राजाभाऊ म्हणजे माझे थोरले दीर, पत्ता करोल बागेतल्या भाड्याच्या खोल्यांचा. राजाभाऊंना जाऊन नऊ वर्षं झाली. त्या खोल्यांत आता गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आहे.

"छान," मी म्हटलं. "म्हणजे उद्या तुमचं काही झालं, तर पत्र सीट कव्हरवाल्याला जाईल."

केतकी हसली. हे हसले नाहीत. म्हणाले, "क्लार्कची चूक. तुला माहीत आहे ना, त्या वेळचीच ती."

माहीत होतं. चांगलं माहीत होतं. सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात ह्यांची पलटण श्रीलंकेत गेली. मी पाच वर्षांच्या केतकीला घेऊन आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहात होते. रोज संध्याकाळी बसमधून उतरले की आधी आमच्या ब्लॉकसमोर फौजी जीप उभी नाही ना, हे बघायचं आणि मग जिना चढायचा. फेब्रुवारीत ह्यांच्या मांडीत स्प्लिंटर घुसलं, पाय जातो की राहतो अशी वेळ आली. तार राजाभाऊंकडे गेली. मला कसं सांगावं याचा विचार करत राजाभाऊ तीन दिवस थांबले. त्या तीन दिवसांत मी काय करत होते? ऑफिसात कोणाच्या तरी निरोपसमारंभात सामोसे खात होते, कोणाच्या तरी विनोदावर हसत होते. ते सामोसे मला अजून आठवतात आणि अजून शरम वाटते.

हॉस्पिटलात मी ह्यांना विचारलं, तार मला का नाही आली? हे म्हणाले, युनिटच्या क्लार्कनं फॉर्म चुकीचा भरला, गधा आहे. मी घरी आले आणि कमांडिंग ऑफिसरला दोन पानी तक्रार लिहिली. माझ्या नोकरीत मी हजारो मसुदे लिहिले असतील, पण तसा एकही नाही. शब्दन् शब्द धारदार. महिन्याभरानं उत्तर आलं, चौकशी करून योग्य ती कारवाई केली आहे. मी ते उत्तर सेक्शनमध्ये सगळ्यांना दाखवलं होतं.

आता त्या छापील पानावर राजाभाऊंच्या नावापुढे बारीक अक्षरात एक तारीख होती. बदल लागू, नऊ डिसेंबर सत्त्याऐंशी. आणि त्याच्या वरच्या ओळीत, एकोणऐंशी सालापासून त्या तारखेपर्यंत, माझं नाव होतं.

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. रकाना भरताना कारकून चुकतो. मीही चुकले आहे. पण बरोबर भरलेला रकाना आठ वर्षांनी आपण होऊन उघडायचा, त्यातलं बायकोचं नाव काढायचं आणि भावाचं नाव घालायचं, ही चूक जगातला कुठलाही कारकून करत नाही. त्याला तेवढा वेळच नसतो.

शिवाय ती तारीख. सात डिसेंबरला हे घरातून निघाले होते. आदल्या रात्री आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. ह्यांचं म्हणणं, मी बिनपगारी रजा घेऊन सांगलीला सासूबाईंपाशी राहावं. माझं म्हणणं, मी नुकतीच खात्याची परीक्षा पास झालेय, मी कुठेही जाणार नाही. जाताना ह्यांनी केतकीचा पापा घेतला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"नाव तुम्ही बदललंत," मी म्हटलं.

"वेडी आहेस का?"

"नऊ तारखेला. भांडून गेलात आणि दोन दिवसांनी बदललंत."

"अडतीस वर्षांपूर्वीचं मला आठवत नाही. क्लार्कची चूक आहे, तसा अर्ज टाकायचा आणि मोकळं व्हायचं. तू मसुदा कर. तुझंही ॲफिडेव्हिट लागेल."

केतकी म्हणाली, "आई, छोडो ना यार. फॉर्मच तर आहे."

मी मसुदा केला. इंग्रजीत, सुबक, सहा ओळींचा. त्यात लिहिलं की हा बदल मी स्वतः, रागाच्या भरात, माझ्या इच्छेनं केला होता, त्यात कोणाही कारकुनाचा दोष नाही, आता तो दुरुस्त करावा. ह्यांनी वाचला आणि टेबलावर आपटला.

"यावर मी सही करणार नाही."

"मग माझं ॲफिडेव्हिटही मिळणार नाही."

तीन आठवडे आमच्या घरात चहासुद्धा वेगवेगळा झाला, एकदा ह्यांचा, एकदा माझा. हे क्लेरिकल एरर असं लिहिलेला स्वतःचा अर्ज टाइप करून फ्रिजवर चुंबकाखाली लावायचे. मी तो काढून माझा लावायचे. एकदा म्हणाले, "या वयात मला त्या रेकॉर्ड ऑफिसातल्या पोरांपुढे लाज आणायचीय तुला." मी म्हटलं, "हो." खोटं कशाला बोलू, तेच करायचं होतं मला. माझं नाव त्या रकान्यात हवं होतं, पण ते कोणी काढलं, हे आधी कागदावर यायला हवं होतं.

शेवटी हे आपला अर्ज घेऊन एकटेच निघाले. मी साडी बदलून त्यांच्या आधी टॅक्सीत जाऊन बसले.

रेकॉर्डचं ऑफिस आर. के. पुरमलाच आहे, माझ्या जुन्या क्वार्टरपासून चालत दहा मिनिटांवर. तिथं नीरज नावाचा एक तरुण असिस्टंट बसला होता. मला तो बघताक्षणी आवडला, कारण त्यानं साहेबांना सलाम ठोकण्याआधी हातातली फाईल नीट बांधून ठेवली.

"क्लेरिकल मिस्टेक है," हे खुर्चीत बसता बसता म्हणाले. "ठीक कर दो."

"सर, पुराना केस है. ओरिजिनल देखे बिना मैं ये कारण नहीं डाल सकता." आणि तो आत गेला.

अर्ध्या तासानं एक पिवळी पडलेली फाईल घेऊन आला. फॉर्म काढला आणि आमच्याकडे वळवला. सगळा फॉर्म ह्यांच्या अक्षरात होता. तो तिरका आर मी कुठेही ओळखीन. कारकुनाच्या अक्षराचा एक ठिपका नव्हता त्यात. होता तो तळाशी, शेऱ्याच्या जागी, निळ्या शाईत, शाळेत गिरवतात तशा गोल अक्षरात. नीरजनं वाचला. मराठीत त्याचा अर्थ असा, पत्नी हयात आहे, अधिकाऱ्यांना फेरविचार करण्याची दोनदा विनंती केली, अधिकारी ठाम आहेत. खाली सही, हवालदार क्लार्क विष्णू थपलियाल, आणि नंबर.

त्या पलटणीत त्या दिवशी माझ्या बाजूनं बोलणारा एक माणूस होता. हे तेव्हा मेजर होते. मेजरला एक हवालदार दोनदा सांगतो की साहेब, असं करू नका, म्हणजे त्याला किती धीर गोळा करावा लागला असेल ते मला ठाऊक आहे. मी जॉइंट सेक्रेटरींना एकदा सांगितलं होतं, तर दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

"सर, इसमें तो क्लर्क की कोई गलती नहीं," नीरज म्हणाला.

हे खिडकीबाहेर बघत होते. मला जिंकल्यासारखं झालं. इतकं बरं वाटलं की मी पर्समधून माझा मसुदा काढून ह्यांच्यापुढे ठेवला, वर पेन ठेवलं. "करा सही."

"मॅडम," नीरज म्हणाला. त्यानं पान उलटलं होतं. "ये आपका लिखा हुआ है?"

माझंच होतं. दोन पानं, निळं लेटरपॅड, दर ओळीत एक नेमका शब्द. बेजबाबदार. बेपर्वा. गणवेशाला कलंक. एका सैनिकाच्या पत्नीला तीन दिवस अंधारात ठेवणाऱ्या या इसमास कडक शासन व्हावे. त्या कागदाला मागे टाचलेल्या दोन चिठ्ठ्या होत्या. पहिली ह्यांची, हॉस्पिटलातून लिहिलेली, दोनच ओळी, मी पत्नीचेच नाव सांगितले होते, चूक क्लार्कची आहे. दुसरी कमांडिंग ऑफिसरची. हवालदार म्हणतो की फॉर्मवर माझा शेरा आहे, परंतु फॉर्म दिल्लीस गेला असून युनिटकडे प्रत नाही. अधिकाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरून हवालदारास लाल शाईची नोंद दिली आहे.

"लाल नोंद म्हणजे?" मी ह्यांना विचारलं. मला माहीत होतं. त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"बढती थांबते," हे म्हणाले.

"किती दिवस?"

"त्याचं नायब सुभेदारच्या बढतीचं बोर्ड होतं त्या वर्षी. पुढं तो... हवालदार म्हणूनच गेला घरी."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं. अडतीस वर्षं आठवत नव्हतं आणि एवढं मात्र आठवतं."

"तू पत्र लिहिलंस, अहिल्या!" ह्यांचा आवाज चढला, शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. "मी तुला हॉस्पिटलात काहीतरी सांगून वेळ मारून नेली होती. तू थेट सीओला लिहिलंस. मग मी काय सांगायचं होतं? माझ्या बायकोला मी..."

मला त्यांच्या तोंडात मारावंसं वाटलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या, भर कचेरीत. आणि त्याच वेळी हेही दिसत होतं की त्या फाईलमध्ये ह्यांच्या दोन ओळी आहेत आणि माझी दोन पानं आहेत. मी ती पानं पुन्हा वाचली. सदर कारकून, सदर कारकून, सदर कारकून. नऊ वेळा. त्याला नाव असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. एका ओळीनं विचारलं असतं, फॉर्म पाहू या, तर सगळं उलगडलं असतं. माझ्याच सेक्शनमध्ये मी नव्या पोरांना सांगायचे, मूळ कागद पाहिल्याशिवाय कोणावर शेरा मारू नका. आणि स्वतः काय केलं? साहेबाचा शब्द धरला आणि कारकुनाच्या डोक्यावर खापर फोडलं.

ह्यांनी पेन उचललं आणि माझ्या मसुद्यावर सही केली. न वाचता, फराटा ओढल्यासारखी. "झालं समाधान?"

मी तो कागद बाजूला सारला.

"बेटा," मी नीरजला म्हटलं, "एक कोरा कागज दोगे?"

"मॅडम, आपका तो हो गया. बस आपका ॲफिडेव्हिट लगेगा, और नेक्स्ट ऑफ किन में आपका नाम आ जाएगा."

"वो बाद में."

त्यानं कागद दिला. मी विषय लिहिला, हवालदार क्लार्क विष्णू थपलियाल यांच्या सेवानोंदीतील लाल शाईची नोंद रद्द करणेबाबत. नंबर दोनदा तपासून लिहिला.

"मॅडम, जवानों का रिकॉर्ड यहाँ नहीं होता," नीरज हळूच म्हणाला. "उनके रेजिमेंट के सेंटर भेजना पड़ेगा. और पता नहीं, वो अब..."

"पता करेंगे," मी म्हटलं.

पहिलं वाक्य लिहिलं, सदर नोंद मी केलेल्या खोट्या तक्रारीवरून झाली. खोट्या या शब्दापाशी हात थांबला. चुकीच्या लिहावं असं वाटलं. मग तसाच ठेवला. खाली माझं नाव लिहिलं, सही केली आणि शेजारी दुसऱ्या सहीसाठी जागा सोडली.

हे वाकून वाचत होते. "आणि माझा अर्ज?" त्यांनी विचारलं. "तुझं ॲफिडेव्हिट?"

"तुमचा नंबर नंतर," मी म्हटलं, आणि पेन त्यांच्यापुढे धरलं. "आधी इथं करा. आणि या वेळी वाचून करा."