कुठल्याही दिनाला चालणारं पुस्तक

गोव्यातल्या सर्वण गावच्या गोकुळदासांना गेल्या वर्षभरात जेवढे दिन पाठ झाले, तेवढे सरकारलाही ठाऊक नसतील. सगळा जन्म वीज खात्याच्या खांबांवर चढण्यात गेला आणि निवृत्तीनंतर हा माणूस दिनदर्शिकेला चिकटला. वेड नव्हतं हो लागलं. बायको जायला टेकली होती.

यशोदाबाईंनी पेज शिजता शिजता चुलीपाशी बसून कथा लिहिल्या होत्या. आजार निघाला तसं गोकुळदासांनी धावपळ करून त्यांचं पुस्तक छापून आणलं. शेवटच्या पानावर बाईंनी हट्टानं स्वतःचा मोबाईल नंबर घातला आणि खाली लिहिलं, ‘वाचून झालं की फोन करा.’ तेव्हापासून फोन उशाशी. यायचा तो कसल्याशा जाहिरातीचा, नाहीतर औषधवाल्याचा. दर वेळी बाई धडपडत उठून बसायची आणि दर वेळी भिंतीकडे तोंड करून आडवी व्हायची. डॉक्टर तर ‘घरी न्या’ म्हणून मोकळे झाले होते. तो एक फोन तिच्या देखत यावा, एवढ्यासाठी गोकुळदास देव पाण्यात घालून बसले होते.

आणि नुसते बसले कुठे! मराठी भाषा दिनाला डिचोलीत उभे: ‘आपल्या मातीतली भाषा!’ महिला दिनाला महिला मंडळात: ‘बायकांच्या मनातलं!’ कासव दिनाला तर स्कूटरवर पुस्तकांचं बोचकं बांधून थेट मोरजीचा, कासवं अंडी घालतात तो किनारा गाठला.

“काका, ह्यात कासव आहे?” तिथल्या एका मुलीनं विचारलं.

“असणारच की गे! मोरजी लिहिणारीचं माहेर!” गोकुळदासांनी ठोकून दिलं.

पर्यावरण दिनाला रोपट्यासोबत पुस्तक फुकट वाटलं. चतुर्थीला आरतीच्या ताटाशेजारी ठेवलं. लोकांनी रोप लावलं, प्रसाद खाल्ला. फोन कुणी केला नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी शाळेतलं सरस्वतीपूजन आलं. विद्येचाच सण, आणखी काय पाहिजे? गोकुळदासांनी उरलेला सगळा गठ्ठा शाळेत नेऊन ओतला. सेजल बाईंनी तो सरस्वतीपुढे मांडला, हळदकुंकू वाहिलं आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक मुलाच्या हातात एकेक प्रत दिली. आता गावात घरोघरी पुस्तक! आता तरी वाजेल मेला फोन!

नाहीच वाजला. तेव्हा गोकुळदास स्वतःच घरोघर फिरले. आणि काय बघतात? ज्या त्या घरात पुस्तक देव्हाऱ्यात! वर जास्वंदीचं फूल!

“पूजेतलं ना ते? खाली कसं ठेवू? कुणाचा पाय लागला म्हणजे?” एका घरच्या शेवंतीवहिनी मोठ्या अभिमानानं म्हणाल्या.

“अगो, पाया कसल्या पडता? वाचा ते! वाचा!” गोकुळदास ओरडलेच. वहिनी बिचाऱ्या दारात आक्रसून उभ्या राहिल्या.

तसेच तणतणत ते शाळेत गेले. सेजल बाईंनी ऐकून घेतलं. “रागावू नका काका. मी वर्गात वाचून दाखवते. मुलं आवडीनं फोन करतील. कुठली कथा घेऊ?”

“कुठलीही. सगळ्याच चांगल्या आहेत.”

“तरी एखादी सांगा. तुम्हाला आवडलेली.”

भाषेचं, बायकांचं, झाडांचं, कासवांचं, ज्या दिवशी जे चालेल ते पुस्तक म्हणून मिरवलं ना? आत काय आहे ते गोकुळदासांना कुठे ठाऊक होतं! त्यांनी बाहेर येऊन स्कूटर चालू केली.

घरी आल्या आल्या देव्हारा. छापखान्यातून आलेली पहिली प्रत त्यांनी स्वतःच्या हातानं तिथे ठेवली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. समईच्या तेलानं पानांच्या कडा चिकटल्या होत्या. त्या हलकेच सोडवत ते ओसरीवर वाचायला बसले.

तिसरी कथा मोरजीची निघाली. नवी नवरी सासरी निघते. रात्री वाळूत अंडी घालून मागे न बघता समुद्रात परतणारं कासव तिनं पाहिलेलं असतं. ते तिला नवऱ्याला सांगायचं असतं. नवरा म्हणतो, ‘बस गाडीत. उशीर होतोय.’

तसं ते स्वतःच म्हणाले होते, तिला मोरजीहून आणताना. अगदी तसंच. गोकुळदासांना पुढचं अक्षर दिसेना. त्यांनी शेवटचं पान काढलं आणि पाठ असलेला नंबर बघून बघून लावला.

आत फोन वाजला. खाट करकरली.

“हॅलो? कोण?”

“वाचक,” गोकुळदास म्हणाले आणि त्यांना रडूच कोसळलं. “यशोदे, त्यात कासव आहे गे. खरंच आहे.”



“सगळं वाचलंत?”

“नाही. अर्धं राहिलंय.”

“मग आताच कशाला केलात फोन? वाचून झालं की करा, असं लिहिलंय ना?” तिला धाप लागली. “वाचा तुम्ही. मी थांबते.”

गोकुळदासांनी डोळे पुसले आणि पुन्हा पुस्तक उघडलं. ते लवकर संपू नये म्हणून, पहिलीतल्या पोरासारखं अक्षर अक्षर लावत ते वाचू लागले.