मेणाखालचं नाव

इंद्रभानाच्या डोक्याला आधीच कमी ताप नव्हता. खामगावच्या चिनीमातीच्या वर्गात भगवंतराव मास्तरांनी फर्मान काढलं होतं: घरात, रस्त्यात, उकिरड्यावर जे सापडेल त्याचा प्लास्टरचा साचा करून आणा. ज्याचा साचा चांगला, त्याला भांड्यांच्या कारखान्यात कायमचं काम. एकानं मक्याचं कणीस धरलं, दुसऱ्यानं फुटक्या कंदिलाचं बूड. इंद्रभानाला हवा होता लोटा. लोटा घरोघरी लागतो, इतकी साधी गोष्ट.

पण बिननावाचा लोटा सापडेल तर शपथ. लग्नातलं भांडं म्हटलं की दुकानदार छिन्नीनं ठिपके ठोकून देणाऱ्याचं नाव घालणार, आणि साच्यात तर केससुद्धा उमटतो. अख्खी आळी पालथी घालून शेवटी तो घरातल्याच लोट्यावर आला. सासूनं लग्नात दिलेला, त्यावर ठिपक्यांनी 'भिमाबाई' लिहिलेलं. सासूला जाऊन चार वर्षं झाली होती. त्यानं ठिपक्यांत मेण भरलं, प्लास्टर चिकटू नये म्हणून वरून साबण चोपडला, लोटा अंगणात ठेवला आणि पाणी आणायला गेला. तेवढंच चुकलं.

परत येऊन त्यानं काही न बघता प्लास्टर ओतलं. संध्याकाळी साच्याचे दोन भाग उघडले, तर आत सासूबाई हजर. उलटी, झिजलेली, पण सगळी अक्षरं.

"पंचफुले, मेण कुठी गेलं?"

बायको भाकरी थापत होती. "सुईनं काढलं. राखेनं घासला, साबण पुन्हा लावून ठेवला, तुम्ही लावता तसाच."

"पण काऊन?"

"माह्या मायचं नाव काऊन बुजवलं तुम्ही?"

इंद्रभानानं कपाळावर हात मारला. प्लास्टर संपलेलं, साचा उद्या दाखवायचा. तो चाकू घेऊन बसला. खरवडायला दोन मिनिटं लागली असती.

"खरवडा," पंचफुला तव्याकडे पाहत म्हणाली. "लोट्यावरचं तरी कुठी राह्यलं. मीच घासू घासू घालवून राह्यली. मले वाचता येत नाही, बोटाले लागते तेवढंच. पुढच्या साली तेही नाही लागणार."

आता या बाईला काय म्हणावं? धड रागावूही देत नाही. त्यानं चाकू आपटला आणि न जेवता झोपला.

दुसऱ्या दिवशी साचा पाहून मास्तर भडकले. "नावाचा लोटा बाजारात कोण घेईल? खरवड आत्ताच्या आत्ता."

"खरवडतो, मास्तर. पण पह्यला लोटा नावासकट ओतू द्या."

"काम हवंय की नको तुला?"

"पायजे."

मास्तरांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एकच. दुसरा दिसला तर साचा तुझ्या डोक्यात घालीन."

इंद्रभानानं साच्यात पातळ चिनीमाती घालून एक ओतला. मग स्वतःच्या हातानं नाव खरवडून टाकलं. काम मिळालं.

पंधरवड्यानं भट्टीतून निघालेला पांढरा लोटा त्यानं पंचफुलेपुढे ठेवला. तिनं बोट फिरवून नाव शोधलं, आणि तिचा हात सवयीनं राखेकडे गेला.

"याले तरी घासू नको बापा," तो वैतागून म्हणाला.

"घासलं तं जाईन काय?"

"नाही जात. वरून काच चढली आहे. जन्मभर घास."

"मंग घासतोच," ती म्हणाली, आणि राखेचा हात त्या नावावरून फिरवू लागली.