कडं सुटलं

चार वेळा प्रयोग करून ताई रडकुंडीला आली होती.

पेशी विभागण्याआधी आपल्या डीएनएची नक्कल करते. तेव्हा एक कड्यासारखं प्रथिन धाग्याभोवती बसतं आणि नक्कल करणाऱ्या यंत्रणेला धरून ठेवतं. नक्कल पुढे सरकली की मागच्या नव्या धाग्यावरून हे कडं उतरत असणार, असं तिच्या सरांचं मत. म्हणून ताई पेशींना दहा मिनिटं खुणेचा घटक द्यायची. तो नव्या धाग्यातच विणला जाई. निम्म्या पेशी तिथल्या तिथे रसायनाने खिळवायच्या, उरलेल्यांना अर्धा तास साधं खाद्य द्यायचं. मग खुणेवरून नवा धागा ओढून काढायचा आणि त्याला काय चिकटलंय ते पाहायचं. पण अर्ध्या तासानंतरही कडं जिथल्या तिथे!

पेशी सांभाळणारे आबा शेवटी घसा खाकरून म्हणाले, "ताई, रागावू नका. ते साधं खाद्य तुम्ही फ्रिजमधून काढून थेट ओतता. अशा गारठ्यात कोण काम करेल? हात आखडून बसत असतील बिचाऱ्या."

ताईने कपाळावर हात मारला.

पाचव्या वेळी खाद्य कोमट केलं. निकालाचं चित्र पडद्यावर आलं, तेव्हा सरांनी नाक पडद्याला टेकवलं. "मोतीबिंदूमुळे सगळं धूसर दिसतंय गं. तूच सांग."

"दहा मिनिटांच्या पेशींत कडं ठसठशीत आहे. आणि अर्ध्या तासाच्या..." ती पडद्यावर वाकली. "नाही, सर. पुसून टाकल्यासारखं."

"हिस्टोन?" डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळला जातो, ती ही प्रथिनं.

"दोन्हीकडे! दहा मिनिटांच्या अगदी कोऱ्या धाग्यावरसुद्धा."

सर खुर्चीत बसले. "म्हणजे नवा धागा उघडा पडतच नाही," ते हळूच म्हणाले. "एक सोडून जायच्या आत दुसऱ्यांनी त्याला सावरलेलं असतं. आणि सांगायला कोणी नाही, बघायला कोणी नाही."

आबांनी पट्टी बांधलेलं बोट पुढे केलं. काचेची नळी फुटून ते तीन दिवसांपूर्वी कापलं होतं. "हे इथेही चाललंय?"

"जखम भरतेय ना, आबा?" ताई म्हणाली. "म्हणजे नव्या पेशी तयार होतायत. मग आत्ता, या क्षणीसुद्धा."

आबांनी तो हात अलगद टेबलावर ठेवला आणि कितीतरी वेळ हलवलाच नाही.