धुऊन दिलेला शर्ट

मैनपाटच्या पठारावर धुकं खिडकीपाशी थांबत नाही, सरळ आत येतं. शर्ट टांगलेल्या त्या दालनाला तर चित्रकार शर्मिष्ठाने मुद्दामच तावदानं लावली नव्हती. रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या लोखंड-कारखान्यांतल्या कामगारांचे शर्ट मागून आणून तिने इथे, डोंगरावर, वाळत घातल्यासारखे तारांवर टांगले होते. अट एकच घातली होती: शर्ट धुतलेला नको. घाम आणि लोखंडाची धूळ हेच तिचे रंग. आता शर्मिष्ठाही राहिली नव्हती आणि शर्टांना बुरशी लागली होती.

म्हणून नवा रायपूरच्या प्रयोगशाळेतून रीनाला वर पाठवलं. रसायनशास्त्र शिकलेली, कामावर नवी. बुरशी काढायची, एकेक शर्ट काचेच्या पेटीत ठेवायचा, आत ओल शोषणारे दाणे घालून पेटी बंद करायची. तिची आई कांताबाई हट्टाने सोबत आली होती, कारण त्या शर्टांत एक रीनाच्या बाबांचा होता. रीना बारावीत असताना बाबा ड्युटीवर छातीला हात लावून बसले, ते उठलेच नाहीत. खुंटीवर राहिलेला शर्ट आईने शर्मिष्ठाला दिला होता.

आईने तो दारातूनच ओळखला. झिजलेली कॉलर उसवून, उलटवून तिनेच शिवली होती.

"उजवा खांदा पाहा ना, कसा उतरला," ती म्हणाली. "तसेच चालत होते."

"तार ढीली है, आई," रीना म्हणाली. मग तिने तारेला हात लावून पाहिला. तार ताठ होती.

आई कॉलरजवळ गेली. "अन् हा डाग कुठून आला?"

"बाबांचाच. लोहे की धूल."

"नाही ना. मी धुऊन देल्ला होता. दोनदा."

"धुऊन? उन्होंने मना किया था ना?"

"त्या बाईनं म्हटलं तं काय झालं? मैला शर्ट कोणी देते का कोणाले? लोक म्हणतीन, मेल्या माणसाचे कपडे धुवाले घरात कोणी नव्हतं."

रीनाने भिंग लावलं. साबणाने वरची धूळ निघते. धाग्यात शिरलेलं लोखंड निघत नाही. धुक्याची ओल ते हळूहळू बाहेर ओढते आणि ओल सुकली की गंज मागे उरतो. इथवर सगळं पुस्तकात होतं. पण डाग मानेच्या आकाराचा होता, आणि डाव्या बाजूला, बाबांना चामखीळ होती तिथे, नेमका तुटलेला. त्यालाही कारण असणार. तिला ते सापडलं नाही.

तिने आईला समजावलं, तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे दर साली थोडे थोडे वापस येऊन राहिले."

"लोहा है, आई. बस."

"हव," आई म्हणाली, लहान पोरीची समजूत काढावी तशी. "अन् पेटीत टाकल्यावर?"

"डाग थांबेल. उघडा ठेवला तर गंज धागा खाऊन टाकेल. काही पावसाळ्यांनी कॉलर गळून पडेल."

बाकीचे शर्ट पेट्यांत गेले. बाबांचा तेवढा तारेवर राहिला. धुकं बाह्यांत शिरलं की त्या फुगायच्या, ओसरलं की पडायच्या. रीना त्याच्याकडे पाठ करून हत्यारं पुसत बसली.

"एक खुला छोड़ देती हूँ," ती शेवटी म्हणाली. "तुलना के लिए लगता है. ऐसा करते हैं."

"काहून? बाकीचे कोणाचे बाबा नोहोत का?" आई तिच्याजवळ आली. "किती दिवस बोलावशीन त्यायले, पोट्टी? ड्युटी झाली त्यायची. घरी येऊ दे."

असं म्हणून तिने उघडा तळवा कॉलरवर ठेवला. हातमोज्यांशिवाय शर्टाला कोणी शिवायचं नाही, हा रीनाचाच नियम. ती पेटीचं झाकण उघडून थांबली. आईने हात काढला तेव्हा बोटं तांबूस झाली होती. मग रीनाने शर्ट पेटीत टांगला आणि पेटी बंद केली. आत धुकं नव्हतं, वारा नव्हता. बाह्या सरळ लोंबल्या. उजवा खांदा डाव्याच्या बरोबरीने होता.

दुसऱ्या दिवशी परतताना बस कटघोऱ्याला जेवायला थांबली. चमच्याने भात खाणाऱ्यांना जन्मभर हसलेल्या आईने पोऱ्याकडे चमचा मागितला. उजवी मूठ मांडीवर मिटलेली. हात धुवायला ती उठलीच नाही.

सिलतरा आलं तसं बसमधल्या लोकांनी सवयीने खिडक्या ओढल्या. बाहेर पाळी सुटली होती. तिघांच्या बाकावर आई खिडकीकडे सरकली आणि दोघींच्या मधे एका माणसाची जागा झाली. रीनाला ती सरकलेली दिसली. त्या जागेकडे तिने पाहिलं नाही.

गर्दीतून एक बाई आत चढली. हातातली थैली सावरत तिने विचारलं, "दीदी, यहाँ कोई बैठा है क्या?"

आई खिडकीबाहेर पाहत होती.

"हव," रीना म्हणाली.